रंग गेल्यानंतरचे पाणी

मेश्राम मॅडमना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्यांनी मला पाहिलेच नाही. एप्रिलची दुपार, कूलरची घरघर, आणि प्रयोगशाळेत स्टुलावर बसून त्या काचेच्या भांड्यातले लाल पाणी न्याहाळत होत्या. त्यात धातूच्या ऑक्साइडचा लेप दिलेल्या दोन पट्ट्या, त्यांतून वाहणारी वीज. लाल पाणी गुलाबी झाले, मग फिकट, मग नुसते पाणी. किती वेळ गेला कोण जाणे. "बस नं," त्या वळून एवढेच म्हणाल्या. मी बसले ती पाच वर्षे.

सांडपाण्यातली घाण विजेने मोडून काढणे हे मॅडमचे आयुष्यभराचे काम. कन्हानजवळ देवरावजींची साड्या रंगवण्याची शेड होती. गांधीबागेच्या कापडबाजारातला माल तिथे रंगायला जायचा. पाणी सुधारेपर्यंत शेड बंद ठेवण्याचा प्रदूषण मंडळाचा हुकूम आला आणि कारागीर घरी बसले. आम्ही तिथे यंत्र बसवले. पाणी बघता बघता निवळले. "झालं!" मॅडम म्हणाल्या. टाळ्या पडल्या, चिवडा आला. माझा तर पीएच.डी.चा प्रबंधच हातात आल्यासारखा होता!

चार दिवसांनी मॅडमनी त्या पाण्याची बाटली उघडून वास घेतला आणि ती लगेच चाचणीला पाठवली. रंगाईच्या पाण्यात मीठ भरपूर असते. विजेने त्यातून क्लोरीन निघतो. त्याने रंग घालवला होता, घाण नव्हे. उलट तिच्याशी मिळून आणखी विषारी द्रव्ये तयार केली होती. चाचणीतही तेच निघाले. मी रडकुंडीला आले. मॅडम मला घेऊन तडक शेडवर गेल्या.

"पानी तं साफ दिसून राहिलं, मॅडम. आता काहून थांबवता?" देवरावजींचा आवाज चढला.

"मी घाई केली, भाऊ. चूक माझी आहे. खाली नाल्यावर ढोरं हे पाणी पितात, सोडू नका."

खोटे कशाला बोलू, मला तेव्हा मॅडमचा रागच आला होता. क्लोरीन न निघता घाणच मोडावी, म्हणून पुढचे आठ महिने आम्ही पट्ट्यांवरचे लेप बदलत राहिलो. दर शनिवारी मॅडम डबा घेऊन शेडवर जायच्या, कारागिरांची बोलणी ऐकून घ्यायच्या, त्यांच्यासोबतच जेवायच्या.

अखेर पाणी चाचणीत उतरले. "आता सोडा," मॅडम म्हणाल्या. देवरावजी उठून नाल्याकडची झडप उघडू लागले.

"रिपोर्ट नाही पाहत?" मी विचारले.

"कायले? तवा मॅडम नाही म्हनल्या, म्हनून आता हो म्हनतात ते पटते मले."

आज मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. त्यांचे दुखरे गुडघे बरे होवोत, त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो; आणि आमचे काम तपासताना त्या असेच निर्धास्तपणे "नाही" म्हणत राहोत.