अर्जाखालचं नाव

औरंगपुऱ्यात एक जण लोकांचे अर्ज टाइप करायचा. आधी कार्बनवर फुंकर मारायचा आणि येईल त्याला 'मालक' म्हणायचा.

आणीबाणीत सरकारविरुद्ध बोलली म्हणून माझी बायको जेलात होती. तिथं तिला दम्याचं औषध मिळत नव्हतं.

"साहेब, दया करा, असं लिवा," मी म्हणालो.

"दया कशाला, मालक? औषध हा कैद्याचा हक्क हाय."

असल्या अर्जाखाली तेव्हा कुणी टाइपवाला आपलं नाव घालत नव्हता. ह्यानं घातलं. औषध आत गेलं, अन् पोलिसांनी ह्याचं मशीन उचलून नेलं.

परवा, सुटून आल्यावर कैक वर्षांनी, बायको वारली. तो भेटायला आला, पण चहाला हात लावीना.

"दम्यानं का, मालक?"

"नाय. झोपेत गेली."

तेव्हा त्यानं कप उचलला.