चुन्याखालचा ढीग

नातीची सोयरीक माझ्यामुळे मोडली, असं माझा मुलगा कामरगावात भेटेल त्याला सांगतो. सांगू दे. खोटं नाही बोलत तो, फक्त अर्धंच बोलतो.

स्थळ कोळशाच्या खाणीतलं होतं. सरकारी कंपनी, कायमची नोकरी, राहायला क्वार्टर. माझ्या मुलाला तेवढंच ऐकू आलं. त्यांच्या निरोपाचं पुढचं वाक्य त्याने कानाआड केलं. "आमच्या कॉलनीत सुना कामं करत नाहीत, चक्की विकून टाका." चक्की नातीची आहे, बस स्टँडच्या मागे. गहू-ज्वारी दळते, मिरची-हळद कांडते, पट्टा निसटला तर कोणाला हाक न मारता स्वतःच चढवते.

"सरकारी नवरा भेटून राह्यला," तिचा बाप म्हणाला, "चक्की कायले उरावर घेऊन बसली?"

मी दचकले. हे मी पूर्वी नुसतं ऐकलं नव्हतं, मीच बोलले होते.

तेव्हा मी इंझोरीत होते, दोन वेण्या आणि त्यांना लाल रिबिनी. जऊळक्याचं एक स्थळ आलं होतं, स्टेशनाजवळ छोटंसं किराणा दुकान. मी नाक मुरडलं. "दुकान काय, आज हाये, उद्या नाई. मले सरकारी पाह्यजे." खाणी सरकारने घेऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि सरकारी म्हणजे बुडणार नाही, एवढं अर्थशास्त्र मला पुरत होतं. ते दुकान अजून आहे, वर दोन मजले चढलेत. माझ्या नवऱ्याची खाण केव्हाच बंद पडली. एवढी हुशार मी.

लग्न होऊन खाणीच्या कॉलनीत आले आणि हवेतच गेले. प्रत्येक क्वार्टरच्या मागच्या दाराशी कंपनी जळणाचा कोळसा टाकून जायची. त्यात निम्मा दगड. आम्ही बाया सुपात तांदूळ निवडावा तसा कोळसा निवडायचो. मी माहेरी गेले की ऐटीत सांगायची, "आमच्याकडं कोळसाबी निवडून घेतात, बाई!" सगळ्या 'अगं बाई' करायच्या. दगड कोणी मिसळला, हे त्यांनीही विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

नवरा रेल्वेच्या सायडिंगवर होता. वॅगन भरली की वरून चुना मारायचा, म्हणजे वाटेत कोणी कोळसा काढला तर पांढऱ्यावर काळं दिसावं. मी ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. घरी आले, चाळणीतून चुना काढला आणि परसात दिवाळीसाठी राखलेल्या ढिगावर मारला. नुसता मारला नाही, वर कमळही काढलं. रोज सकाळी उठून कमळ पाहायचं, एकही पाकळी मोडलेली नाही, आणि शेजारणींकडे विजयी नजरेने बघायचं. त्याही माझ्याकडे बघून गोड हसायच्या.

दिवाळीत नणंद आली. तिच्यासमोर तोऱ्यात फावडं घातलं, आणि कमळासकट अख्खा ढीग खाली बसला. भिंतीच्या बाजूने, बुडातून, बायांनी तो केव्हाचा पोखरला होता. वर मी रोज चुना न्याहाळत होते.

नवरा हसून हसून लोळला. "तू तं साहेब झाली वो!"

मग त्याने सांगितलं. सायडिंगवरचा मोठा ढीगही असाच. साहेब लोक बाहेरून फीत लावून मोजतात, आणि आत तो महिनोन्‌महिने धुमसत राख होतो. मार्च आला की माती-दगडही कोळसा म्हणून ढिगावर चढतात, उद्दिष्ट पूर्ण होतं, पेढे वाटतात. वीजघरवाले बोंबलतात, दगड जाळायचे का आम्ही? बोंबलून जातात कुठे? देशात दुसरा कोळसेवाला होता कुठे? ज्याचं गिऱ्हाईक पळू शकत नाही, त्याने माल कशाला निवडावा? एका कामाला चार माणसं, त्या चौघांवर नजर ठेवायला पाचवा. तो पाचवा माझा नवरा व्हावा म्हणून मी उपास धरले होते, हेही लिहून टाकते.

तर नातीला बघायला पाहुणे आले. नवरा मुलगा आणि त्याचा बाप. त्यांचं शेत खाणीत गेलं, त्या बदल्यात मुलाला नोकरी. चहा झाला. बाप म्हणाला, "यंदा कंपनीनं विक्रमी कोळसा काढला, मावशी."

मी विचारलं, "ढीग अजून फितीनंच मोजता का, भाऊ?"

"नाई वो! आता ड्रोन फिरते वरून."

"अन् आतून?"

बापाने बिस्कीट उचललं. तेवढ्यात नातीने थेट मुलालाच विचारलं, "तुमी दिवसभर काय करता?"

मुलगा खरा होता. "आमची जमिनीखालची खाण हाये. सध्या बंद हाये, पाणी भरलं. सकाळी हजेरी लावतो."

"मंग?"

"मंग संध्याकाळी लावतो."

"पगार थांबला का त्याचा?" बाप तडकला. "एक तारीख कधी चुकली नाई!"

"चुकंल कशी?" मी म्हणाले. "उघड्या खाणी कमावतात अन् बंद खाणींच्या हजेऱ्या पोसतात. विक्रम त्यांचा, भाऊ. तुमी नुसता चुना पाहून राह्यले."

"तुमी त्याच कंपनीची पेन्शन खाता ना, मावशी?"

"खातो ना! नवरा दिला तिले, पेन्शनबी सोडू काय?"

"माय, चूप बस!" माझा मुलगा ओरडला.

नात उठली. पदर खोचला. "बाबा, चक्की मी विकत नाई. ज्याले चालंल त्यानं पुढचं बोलावं. मिरचीवाल्या बाया खोळंबल्या हायेत, मी चालली."

ते पुढचं बोलले नाहीत. जाताना तो नवरा मुलगा वाटेत चक्कीच्या दारात रेंगाळला, फिरणाऱ्या पट्ट्याकडे बघत. बाप गाडीतून ओरडला, "चाल ना बे!" तो गेला. त्या पोराचा मला राग नाही आला. त्याच्या हातचं काम काढून घेतलं, आणि रिकामे हात हेच सुख म्हणून बाप गावोगाव दाखवत फिरतो, त्याचा आला.

माझा मुलगा अजून फुगलेला आहे. दळण मात्र तिथूनच आणतो. मी दुपारची चक्कीतल्या बाकावर जाऊन बसते. तो तिथे येऊन मला काहीतरी सुनावतो, हातवारे करतो, लाल होतो. यंत्राच्या घरघरीत एक अक्षर ऐकू येत नाही. मी मान हलवते आणि नातीला खुणावते, अजून एक पायली ओत.