थिनरने पुसलेले नंबर

सोमवारी सकाळी मी इन्स्पेक्शन टेबलाशी आले तर सॅबोच्या पाकळ्या लखलखत होत्या. तीन सुबक थप्प्या, आणि एकाही पाकळीवर नंबर नाही.

"हे कोणी केलं?"

"मीच थिनरने पुसून घेतले," मॅनेजर कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "गुरुवारी दिल्लीचे साहेब येताहेत. मार्करचे डाग बरे दिसत नाहीत."

आमचं युनिट जळगावच्या एमआयडीसीत. रणगाड्याच्या चिलखतभेदी गोळ्याचा एक भाग आम्ही करतो. हा गोळा म्हणजे खरं तर बारीक, जड बाण. तोफेची नळी त्याच्यापेक्षा बरीच रुंद, म्हणून बाणाभोवती ॲल्युमिनियमच्या तीन पाकळ्या बसवतात. तेच सॅबो. नळीबाहेर पडताच तिन्ही पाकळ्या एकदम सुटायला हव्यात. एक जरी रेंगाळली तर बाण डगमगतो आणि नेम चुकतो. रणगाड्यातल्या जवानांना दुसरी संधी मिळेलच असं नाही. म्हणून तिन्ही पाकळ्या एकत्र बांधूनच लेथवर घेतात आणि तिघींवर एकच सेट नंबर टाकतात.

मॅनेजरना हे ठाऊक होतं. पण साहेब येणार म्हटलं की काही माणसांची अक्कल आधी रजेवर जाते.

"ड्रॉइंग एकच आहे ना? कुठल्याही तीन लावा. शनिवारी माल फायरिंग ट्रायलला गेला पाहिजे. फेल झाला तर टर्नरचं काम कच्चं, असं लिहू."

टर्नर म्हणजे शिरपूरचे आबा, रिटायरमेंटला चार महिने उरलेले. त्यांनी दोन पाकळ्या जोडल्या आणि सांध्यावरून नख फिरवलं. लेथच्या बारीक रेषा एकीवरून दुसरीवर सलग जातात. पाकळी भलतीच असेल तर नख अडतं.

"ताई, नख सांगस. टाइम लागी, पण बठ्ठं जुळी जाई."

मी लॉट होल्डवर टाकला. आबा एकेक करत सगळं जुळवत गेले, मी प्रत्येक सेट गेजवर तपासत गेले. जे जुळले नाहीत ते मी सरळ रिजेक्ट केले. गुरुवारी मॅनेजरनी आमच्या टेबलापुढे स्वच्छतेचा फ्लेक्स लावला. साहेबांनी चहा घेतला, फरशीची तारीफ केली आणि गेले. पाकळीला कोणी हातही लावला नाही.

शनिवारी माल गेला. ट्रायलमध्ये एकही बाण डगमगला नाही.

मॅनेजरना हाउसकीपिंगचं प्रशस्तिपत्र मिळालं. आबांना मेमो मिळाला, पाहुणे असताना टेबलावर पसारा केल्याचा. माझा संताप झाला. आबांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि लेथ सुरू केला.

आता सेट नंबर आम्ही कोरून घेतो. वरिष्ठांच्या हाती फडकं येऊ शकतं, हे ड्रॉइंग करतानाच धरून चालावं.