वसुलीवाले सर

"आधी माहं कार्ड पाहा."

दारात चपला काढायच्या, गळ्यातलं ओळखपत्र दोन्ही हातांनी समोर धरायचं आणि घरच्या माणसानं ते वाचेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, हा आमच्या सरांचा शिरस्ता. वसुलीवाले तुमच्याही दारात कधी ना कधी आले असतील. नसतील आले तर शेजाऱ्याच्या दारात पाहिले असतील. आठवून पाहा, त्यांतल्या कितींनी आधी स्वतःची ओळख दिली?

गंमत म्हणजे गावात सर ज्यांना कार्ड दाखवायचे, ती सगळी त्यांना लहानपणापासून ओळखणारी माणसं. एका म्हातारीनं त्यांना चांगलंच ऐकवलं होतं.

"तुले मांडीवर घेऊन आंघोळ घातली लेका मी. मले कार्ड दाखवतं?"

"तरी पाहा काकू. फोटो जुळते का?"

म्हातारीनं कार्ड डोळ्यांपाशी नेलं, सरांकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं. "फोटोत केस हायेत," ती म्हणाली.

मी शाळेत कारकून होतो. शाळेचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. मेहकर तालुक्यातलं, डोणगावच्या बाजाराला जाणारं गाव, एवढं पुरे. संस्थेचे अध्यक्ष अजून धडधाकट आहेत आणि मला पेन्शनवर दिवस काढायचे आहेत. माझं पद मंजूर होतं, म्हणून मला पगार होता. सर वाढीव तुकडीवर, विनाअनुदानित. म्हणजे मस्टरवर रोज सही करायची, पेपर तपासायचे, निवडणुकीच्या कामाला जायचं, आणि पगार सरकार अनुदान देईल तेव्हा. दर जूनला बातमी यायची, यंदा नक्की. अशी चौदा वर्षं गेली. रामाचा वनवास संपला असता, आमच्या सरांचा संपेना. तरी ते सोडून जात नव्हते, कारण एकदा सोडलं की चौदा वर्षं पाण्यात. आज सोडलं आणि उद्या अनुदान आलं तर, या एका भीतीनं माझ्या ओळखीची किती माणसं त्या खुर्च्यांना चिकटून म्हातारी झाली.

घरात दोन मुली, बायको लोकांच्या साड्यांना फॉल लावायची. म्हणून सरांनी एका फायनान्स कंपनीच्या वसुली एजन्सीत नाव घातलं. शाळा अकराला भरायची. त्याआधी सकाळी आणि रविवारी ते जुन्या मोटारसायकलवर पार हिवरा आश्रमापर्यंत हप्ते मागत फिरायचे. जितकी वसुली, तितकं कमिशन. शाळेतले बाकीचे मास्तर पाठीमागे त्यांना 'वसुलीवाले सर' म्हणायचे. तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांना राग आला नसता.

एजन्सीच्या ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना नियमांचं एक पत्रक देऊन त्यावर सह्या घेतल्या होत्या. बाकीच्यांनी सही केली. सरांनी वाचून सही केली, सगळा घोटाळा तिथून सुरू झाला. कर्जदाराच्या घरी अवेळी जायचं नाही. शिवीगाळ नाही, धमकी नाही. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना सांगून अब्रू घालवायची नाही. नोटीस दिल्याशिवाय वस्तू उचलायची नाही. सरांनी ते पत्रक लॅमिनेट करून घेतलं आणि मोटारसायकलच्या डिकीत ठेवलं.

एकदा सकाळी मी दूध आणायला निघालो, तर सर एका घरासमोर बाभळीखाली उभे. घरचा माणूस ओट्यावरून त्यांना बोलावत होता. "या ना सर, चहा टाकला हाय."

"दहा मिनिटं हायेत अजून. आठच्या आधी नाही येत."

"अहो, चहाले तरी या."

"चहाले आलो की तुमी हप्त्याचं बोलान. मंग ते वसुलीतच धरतात." शेवटी त्या बिचाऱ्यानं कपबशी बाहेर आणून बाभळीखाली दिली. ज्याला पैसे द्यायचे तो चहा देतोय आणि ज्याला घ्यायचे तो घड्याळ पाहतोय. मी हसलो, पण दुसऱ्या एजंटांची गाडी वाजली की त्याच गल्लीत दारं धडाधड बंद व्हायची, तेही मी पाहिलेलं आहे.

वर्गात ते नागरिकशास्त्र शिकवायचे. मुलांना काय कळायचं देव जाणे, पण गावातल्या बायांना त्यांनी चार प्रश्न पक्के पाठ करून दिले होते. तू कोण? कोनं पाठवलं? कागद कुठी हाय? पावती देतं का? बाया ते हापशीवर म्हणायच्या. पुढे पुढे भांडीवाल्याला, बांगडीवाल्याला, मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यालासुद्धा विचारू लागल्या. त्या पाहुण्यानं म्हणे खरोखर खिशातून आधारकार्ड काढलं.

एजन्सीचा टीम लीडर पंचविशीतला. तो सरांना फोनवर एकेरीत बोलायचा. शाळेच्या ऑफिसच्या खिडकीतून मला त्याचा चढा आवाज ऐकू यायचा. "तुले वसुलीले ठेवलं का लोकायले कायदा शिकवाले बे?" सर शांतपणे म्हणायचे, "पैसे तर येऊन राह्यले ना साहेब." आणि येतही होते. लोक त्यांना नाही म्हणायला लाजायचे.

आता मीनाबाईंचं सांगतो.

मीनाबाई शाळेमागे पिठाची गिरणी चालवायच्या. नवऱ्याला लकवा झालेला, तो आतल्या खोलीत खाटेवर. गिरणीची मोटार जळाली म्हणून त्यांनी त्या फायनान्स कंपनीचं कर्ज काढून नवी बसवली. नवऱ्याच्या दवाखान्याच्या खर्चात चार हप्ते थकले. त्यांचं खातं सरांकडे होतं. सर दर रविवारी जायचे, कार्ड दाखवायचे, मिळेल तेवढं घ्यायचे, पावती द्यायचे. मोटार गेली तर घर बसेल, हे त्यांना दिसत होतं. एजन्सीला तेवढी वसुली पुरली नाही.

एका बुधवारी दुपारी शाळा चालू असताना पिकअप घेऊन दोघं आले. मीनाबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तू कोण?" त्यातल्या एकानं तोंडावरून हात फिरवून सांगितलं, "हे थोबाड पाहून घे, हेच कार्ड." दुसऱ्यानं बोल्ट खोलायचे पाने काढले. जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. नवऱ्याच्या आजारावरून बोलले आणि तो आत ऐकत होता. त्याला शब्द फुटत नव्हता, नुसता आवाज येत होता. अर्ध्या तासात मोटार गाडीत गेली. पट्टा जमिनीवर, दळणाचे डबे रांगेत तसेच. आठ-दहा माणसं रस्त्यावर उभी होती. मीही शाळेच्या कुंपणापाशी होतो. माझ्याकडे किल्ल्यांचा जुडगा होता, तो मी घट्ट धरून उभा राहिलो. बस्स, एवढंच केलं.

सरांना तास सुटल्यावर कळलं. ते गिरणीत गेले, बोल्ट काढलेली जागा पाहिली आणि परत येऊन मला म्हणाले, "बाबूजी, कागद घ्या. तुमचं अक्षर चांगलं हाय."

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मीनाबाईंच्या वतीनं अर्ज गेला. सरांनी सांगितला, मी लिहिला, बाईंनी सही केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आमच्याकडून अशा कोणत्याही व्यक्ती पाठवण्यात आलेल्या नाहीत. संबंधित प्रतिनिधीचे नाव व ओळखपत्र क्रमांक कळवावा, अन्यथा तक्रार निकाली काढण्यात येईल.

आता नाव कुठून आणायचं? ज्यांनी मोटार नेली त्यांनी नाव सांगितलं नव्हतं. गाडीच्या नंबरवर चिखल होता. गावात एकाच वसुलीवाल्याचं नाव आणि क्रमांक सगळ्यांना पाठ होता, कारण तो एकटाच दाखवत होता.

"माहं टाका," सर म्हणाले.

"डोकं फिरलं का तुमचं? तुम्ही वर्गात होता."

"तेच लिहायचं. खोटं नाही लिहायचं. खातं माह्या नावावर हाय, माणसं माह्या खात्यावर आली. मले न विचारता कशी आली, ते कंपनीनं सांगावं. नाव असलं की त्यायले फाइल बंद करता येत नाही. तरी केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते."

मीनाबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "राहू द्या सर. तुमच्या पोटावर पाय देऊन मले मोटार नाही पाह्यजे."

"मोटारीवर तुमचं घर हाय. माहं काय, मले शाळा हाय," सर म्हणाले. पगार नसलेल्या शाळेबद्दल ते असं बोलत होते, आणि मी मान खाली घालून त्यांचं नाव आणि क्रमांक सुवाच्य अक्षरात लिहीत होतो.

मोटार आली. महिन्याच्या आत त्याच कंपनीची गाडी आली आणि बसवून गेली. हप्ते पुन्हा बांधून दिले. सोबत पत्र होतं, झालेल्या प्रकाराला जबाबदार प्रतिनिधीवर कारवाई करण्यात आली आहे. म्हणजे सरांना वसुलीवरून काढलं होतं. सर वर्गात होते हे अर्जात स्पष्ट लिहिलं होतं. ते कोणी वाचलं नाही, की वाचूनही सोयीचं नव्हतं, काय सांगावं. खरी जी दोन माणसं होती, ती त्यानंतरही धाड गावच्या बाजारात फिरताना एकानं पाहिली. त्यांना नाव नव्हतं, त्यामुळे त्यांचं काहीच वाकडं झालं नाही.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण त्याच सुमारास अनुदानाचा वारा या वेळी खरा वाहू लागला होता. अनुदान येणार म्हटलं की वाढीव तुकडीतल्या जागेला भाव येतो, हे शिक्षण खात्याच्या आसपास वावरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. अध्यक्षांच्या हातात कंपनीचं ते पत्र कसं पडलं, मला माहीत आहे, पण सांगणार नाही. शिक्षकानं दुसरी नोकरी केली, एका असहाय महिलेला त्रास दिला, संस्थेची बदनामी झाली, असा ठराव तयार झाला. चौकशी समिती बसली. मीनाबाई दोनदा दारात येऊन बसल्या, त्यांना आत बोलावलंच नाही.

मला बोलावलं. टेबलावर अर्जाची प्रत होती. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"लेखी द्या."

माझी निवृत्ती दीड वर्षावर होती. पेन्शनचे कागद अध्यक्षांच्या सहीनं जाणार होते. मी तिथे बसून लिहिलं, 'सदर अर्ज माझ्या हस्ताक्षरात असून अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिला आहे. याव्यतिरिक्त मला माहिती नाही.' खाली सही, तारीख. सर वर्गात होते, मस्टर माझ्याच कपाटात होतं. नाव त्यांनी स्वतः घालायला लावलं, हे ऐकणारा मी एकटा पगारी माणूस होतो. भिकारचोट माणसालासुद्धा जे सांगता आलं असतं, ते मी सांगितलं नाही. याची मला लाज वाटते, आजही वाटते.

सरांना शाळेतून काढलं. त्यांनी भांडण केलं नाही. शेवटच्या दिवशी आठवीच्या पोरांचे पेपर तपासून, बेरजा करून माझ्या टेबलावर ठेवले आणि गेले. महिन्याभरात घर सोडून संभाजीनगरच्या बाजूला एका कंपनीच्या गेटवर लागले.

आठ महिन्यांनी अनुदान आलं. पहिला टप्पा, थोडाच, पण आलं. मंजूर शिक्षकांची यादी मीच तयार केली. सातव्या नंबरवर, सरांच्या जागी, अध्यक्षांच्या मेव्हण्याचा मुलगा बसवला. चौदा वर्षांची जागा भरायला मला अर्धं मिनिट लागलं.

निवृत्त झाल्यावर एका रविवारी धीर करून मी सरांना फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, "गिरणी चालू हाय ना बाबूजी?"

"चालू आहे. कर्जही फिटत आलं."

"मंग बरं." मग म्हणाले, "अनुदान आलं म्हणे. पेपरात वाचलं."

"हो."

"यादी तुमच्याच हातची असन."

"हो सर." मग मला राहवलं नाही. "सर, त्या चौकशीत मी जो जबाब दिला..."

"काऊन मनाले लावून घेता? मले दाखवला होता त्यायनं. अर्ज तुमच्या अक्षरात होता, तुमी तसं लिहून देल्लं. खोटं कुठी लिहिलं तुमी?"

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. मी म्हणालो, "सर, त्यात दुसरंही एक वाक्य होतं."

पण तिकडे गेटवर ट्रकचा हॉर्न वाजला होता, आणि माझं वाक्य संपायच्या आधीच फोन बंद झाला होता.