लव्हाळा, हिरूबाई आणि अर्धं लॉन

बागकाम करणाऱ्यांचे हात मातीत असतात, मान खाली असते, पण तोंड दिवसभर मोकळंच! त्यामुळे रोह्याच्या आमच्या कंपनीच्या बागेत फुलं कमी आणि किस्से जास्त निघतात. मी तिथला सुपरवायझर, म्हणजे ओरडायचं काम माझं. खरं काम करणारे दोघं. एक पेणचा दत्तू, आणि दुसरी हिरूबाई. तिचं माहेर धरमतरच्या खाडीकडचं, सासर निडीला.

गेल्या वर्षी एप्रिलात नवीन साहेब आले आणि म्हणाले, "दिवाळीनंतर बाग औषध मारणाऱ्या ठेकेदाराला देऊ. खुरपत बसायचे दिवस गेले!"

म्हणजे आम्ही तिघं घरी. तेव्हापासून आमचा जीव टांगणीला. पण किस्से काय थांबतात होय!

*

मे महिना, म्हणजे खणायचे दिवस. मला भाचीच्या लग्नाला जायचं होतं. जाताना दत्तूला सांगितलं, "गेटजवळचा वाफा खण, ढेकळं फोड, माती एकदम बारीक कर."

आता हा दत्तू पंधरा वर्षं पेणला गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात होता. दोन दिवसांनी येऊन बघतो तर पठ्ठ्यानं माती चाळलेली, भिजवून मळलेली, आणि वरून ओल्या फडक्यानं हात फिरवलेला! वाफ्याला एक भेग नाही. मी झारीनं पाणी ओतलं, ते सरळ रस्त्यावर.

"अरे, ह्याच्यात झेंडू लावायचाय! मखरात नाय बसवायचा!"

दत्तू जराही न डगमगता म्हणाला, "पण भाऊ, फिनिशिंग बघा ना."

वाफा परत खणायला लावला. पण खणायच्या आधी मी मोबाईलवर फोटो काढून घेतला, हे कबूल करतो.

*

साहेबांना परदेशी फुलांची भारी हौस. पाकिटावर झुपकेदार लाल-पिवळ्या फुलांचा फोटो असलेलं बी त्यांनी स्वतः आणलं, जूनमध्ये स्वतःच्या हातानं पेरलं. जुलैत रोपं वीतभर झाली आणि साहेब चार दिवस मीटिंगला गेले.

परत आले तर वाफा अर्धा रिकामा! साहेब लालबुंद. मला वाटलं, गेली आता बाग, दिवाळीपर्यंतसुद्धा थांबत नाहीत हे!

हिरूबाई पुढं आली. "मी खुडलं. कुर्डू हाय ते! पावसात आमच्याकडं बांधाबांधावर उगवतं. कवळं होतं, भाजी केली."

"ते इम्पोर्टेड होतं!"

"व्हय? चव तीच लागली."

आणि तिनं डबा पुढं केला. जवळा घातलेली कुर्डूची भाजी आणि तांदळाची भाकरी. साहेब आधी रागानं बघत राहिले, मग उभ्याउभ्या एक घास घेतला, मग खुर्ची मागवली. डबा पुसून झाल्यावर मला हळूच विचारतात, "राहिलेल्या अर्ध्या वाफ्याचं काय करायचं म्हणता?"

*

सगळ्यांच्या फजित्या सांगतोय, तर माझीही सांगतो. आमच्या लॉनमधलं सगळ्यात चिवट तण म्हणजे लव्हाळा. वर नुसती गवताची काडी दिसते, पण खाली मातीत गाठी असतात. गाठ राहिली की आठ दिवसांत पुन्हा हजर. मला सगळं माहीत, मी डिप्लोमावाला! आणि एकदा मीच गाठींसकट उपटलेला लव्हाळा खताच्या खड्ड्यात टाकला आणि ते खत बागभर पसरलं.

हिरूबाई महिनाभर येईल त्याला सांगत होती, "भाऊंनी पेरणी केली हाय. कापणीला या!"

*

गणपती झाल्यावर साहेबांनी पैज लावली. अर्धं लॉन ठेकेदाराला, अर्धं आम्हाला. दिवाळीनंतर ज्याचं लॉन स्वच्छ, बाग त्याची.

ठेकेदार आला. पाठीवर पंप, तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल. तासाभरात फवारून गेलासुद्धा! इकडं दत्तू कुदळीनं ओली माती अलगद उकरतोय आणि हिरूबाई एकेक गाठ वेचून घमेल्यात टाकतेय. तीन आठवडे हेच चाललं होतं.

आठवड्याभरात ठेकेदाराकडचा लव्हाळा पिवळा पडला. साहेब म्हणाले, "बघा!" खरं सांगतो, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हिरूबाई मात्र वेचतच होती. "भाऊ, वरची पानं मेलीत. मूळ म्हातारी, ती गाठ, खाली जित्ती बसलीय. थांबा जरा."

दिवाळी झाली. साहेबांनी सगळ्यांना लॉनवर बोलावलं. आमच्या अर्ध्यात लव्हाळा औषधालाही नाही! आणि ठेकेदाराच्या अर्ध्यात? हिरव्यागार काड्या, पहिल्यापेक्षा दाट! साहेब वाकून वाकून बघत होते.

ठेकेदार दोन्हीकडं फिरला. मग हळूच हिरूबाईच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"मावशी, शनिवारी मोकळ्या आहात का?"

"कशाला वो?"

"नाय म्हणजे... माझ्या अंगणात पण हाच झालाय. तीनदा औषध मारलं, जात नाय."

साहेब तेवढ्यात वळले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

हिरूबाईनं पदर खोचला आणि मोठ्यानं सांगितलं, "येईन की! पण सुट्टी साहेबांकडं मागा. मी हितं कामाला हाय!"