दहा किलोमीटर उजवीकडे

चांदवडजवळच्या आमच्या गावावरून साडेनऊच्या सुमारास माझं विमान जाणार, हे मी आप्पांना फोनवर सांगितलं, तिथेच चुकलं. पोटात राहीना, दुसरं काय. आप्पांनी लगेच काकांना घरी बोलावलं. मी विमान चालवायला शिकायला निघाले तेव्हा "हिला मळ्यातून घरची वाट घावत नाय, ही आभाळात काय वाट काढणार?" असं चारचौघांत म्हणणारे ते हेच काका. आता ते, आप्पा आणि आई स्लॅबवर उभे राहणार होते. आप्पांचं नाक वर राहणार की कापलं जाणार, ते माझ्यावर होतं.

नाशिकहून धुळ्याच्या दिशेने निघालो. शेजारी मला शिकवणारे सर. एकटीने लांब उडायची परवानगी मिळण्याआधीची ही चाचणी, त्यामुळे सर मुद्दाम गप्प. नुसत्या डोळ्यांनी वाट काढायची तर आधी घड्याळ बघायचं, मग नकाशा, मग खाली. साठ मैलांत एक मैल बाजूला सरकलात तर एक अंश चुकलात; त्या हिशेबाने वळायचं आणि वाटेवर यायचं. नाशिकला इंदिरानगरच्या भाड्याच्या खोलीत भांडी घासतानासुद्धा मी हे गणित म्हणायचे.

त्या दिवशी मी फक्त खाली बघत होते. हवा धुरकट होती, वारा डावीकडून ढकलत होता. कांद्याच्या चाळी दिसल्या, ट्रॅक्टरांच्या रांगा दिसल्या, बाजार समितीचं आवार दिसलं आणि मला भरून आलं. घड्याळ म्हणत होतं, अजून आठ मिनिटं आहेत. म्हटलं, घड्याळाला काय कळतंय.

"चांदवड," मी सरांना सांगितलं.

सरांनी खाली बोट दाखवलं. मग म्हणाले, "चांदवडला रेल्वे कधी आली?"

खाली रूळ होते. ते लासलगाव होतं, आमच्या वाटेच्या दहा किलोमीटर उजवीकडे.

"किती अंश वळशील?"

मला काही म्हणजे काही आठवेना. डावीकडच्या धुरकट हवेत कुठेतरी तीन माणसं माना वर करून उभी आहेत, एवढंच डोक्यात. सरांनी विमान स्वतःच्या हातात घेतलं आणि नाशिककडे वळवलं. सर, घरचे वाट बघताहेत, असं म्हणता आलं असतं. पण कुठल्या तोंडाने म्हणणार होते? रडू आवरत खिडकीबाहेर बघत बसले.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला. मी काही सांगायच्या आतच म्हणाले, "दिसलं गं. लय उंच व्हतं, पण बराबर डोक्यावरून गेलं." कुठलं तरी प्रवासी विमान असणार. "आप्पा, ऐका ना," म्हणेपर्यंत फोन काकांच्या हातात गेला होता.

"पोरी," काका म्हणाले, "मी तवा नाय नाय ते बोललो तुला. चुकलं माझं."

काकांनी चूक कबूल केलेली मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते, आणि त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं.

"असू द्या, काका," मी म्हणाले.