धुऱ्यावरचा आडवा निंब

धनीबाईच्या तोंडाला अख्खा तांडा टरकून असे. ती ओरडायला लागली की माणसं कान बंद करून आपल्या कामाला लागत, कारण ती रोजच कोणावर ना कोणावर ओरडायची. कामाला मात्र वाघीण. साठी उलटली तरी कुऱ्हाड तिच्या हातातून सुटली नव्हती. मिरगाआधी सरपण छपराखाली आलं नाही, तर तिला घास गोड लागत नसे. घरात गॅस होता, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच ती नवऱ्याला, खेमसिंगला, घेऊन पुंडलिकरावांच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, पोचली. तिथला जुना निंब मुळांसकट उलथून आडवा झाला होता. मुळं मातीचा ढिगारा धरून भिंतीसारखी उभी, आणि त्यांच्या खाली हा मोठा खड्डा. पेरणीआधी धुरा मोकळा करा, लाकूड नेणाऱ्याचं, असं पुंडलिकरावांनी सांगूनच टाकलं होतं. तांड्याची रीत अशी की पडल्या झाडावर जो पहिला दगड ठेवील, त्याचं झाड. धनीबाईनं खोडावर दगड ठेवला आणि नवऱ्याला मुळ्या खणायला खड्ड्यात उतरवलं. मुळीचं लाकूड सावकाश जळतं. स्वतः ती शेंड्याकडच्या फांद्या तोडू लागली.

तेवढ्यात तिचा पुतण्या भीमसिंग लाकूड कापायची मशीन घेऊन आला.

"काकी, फांद्या तुह्या, खोड मायं. एकटी किती नेशीन?"

"दगड दिसत नाही का तुले? डोळे बाजारात इकून आला काय?"

भीमसिंगचं डोकं फिरलं. तो तडक बुंध्याजवळ गेला आणि त्यानं मशीन सुरू केली.

धनीबाईनं हातातली कुऱ्हाड टाकली. मुळाजवळ खोड कापलं की वरचा भार सुटतो आणि बुंधा उठून पुन्हा खड्ड्यात बसतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. भीमसिंगलाही ते ठाऊक होतं. खड्ड्यात काका आहे, एवढंच ठाऊक नव्हतं. आणि खेमसिंग कानानं जड.

"थांब! काका खाली हाय!" ती ओरडत धावली. मशीनच्या आवाजात शब्द बुडाले. भीमसिंगनं तिचं तोंड हलताना पाहिलं आणि मान फिरवली. काकीच्या शिव्या त्याला नवीन नव्हत्या. भुसा उडत होता, पातं खोडात उतरत होतं. अंगाला झोंबावं तर मशीन कोणाच्या पायावर पडेल, याचा नेम नाही.

तिनं खोडावरचा दगड उचलला. आता हाणते वाटून भीमसिंग मागं सरला. तिनं दगड त्याच्या पायाशी ठेवला आणि त्याच्या पायांवर डोकं टेकवलं. वडीलधाऱ्या बाईनं पुतण्याचे पाय धरावेत? त्यानं घाबरून मशीन बंद केली.

"काय करून राह्यली, काकी?"

तिनं नुसतं खड्ड्याकडे बोट केलं.

भीमसिंगनं वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. हात धरून त्यानं काकाला वर ओढलं. खेमसिंगच्या काखेत मुळ्यांचा भारा होता आणि तो वैतागला होता.

"काहून ओढून राह्यला बे? कुदळ खालीच राह्यली मायी." तो परत वळला.

धनीबाईनं त्याच्या धोतराचा सोगा दोन्ही हातांनी धरला. तो तिला सोड म्हणत असतानाच अर्धवट कापलेलं खोड कडाडलं. बुंधा उठला आणि मुळं मातीसकट धाडकन खड्ड्यात बसली. पायाखालची जमीन हादरली. खड्डा राहिला नाही, कुदळही राहिली नाही.

कुदळ गेली कुठं, असं खेमसिंग विचारत राहिला.

लाकूड तिथंच टाकून दोघं नवरा-बायको घराकडे निघाले. तांड्यात शिरताना बाया दारात उभ्या होत्या. खेमसिंग ओशाळून म्हणाला, "सोड ना आता, लोक पाहून राह्यले."

धनीबाईनं सोगा सोडला नाही.